मोत्यांच्या शिडाच्या नावा: सांबुक, जालबूट, बतील आणि आपल्या आजीच्या नथीतला 'बसऱ्याचा मोती'



आज विषय थोडा वेगळा आहे. नेहमी आपण फोन, ॲप, प्रोसेसर यावर बोलतो. आज बोलायचंय एका जुन्या टेक्नॉलॉजीवर. यात बॅटरी नाही, इंजिन नाही, जीपीएस नाही. लाकूड, काथ्या, कापड आणि माणसाचा श्वास, एवढ्यावर ही टेक्नॉलॉजी शेकडो वर्षं चालली. ती म्हणजे इराणच्या आखातात मोती काढणाऱ्या शिडाच्या नावा.

तुम्ही म्हणाल, "भाऊ, आपण लातूर-नांदेडचे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. आपला काय संबंध?" मलाही आधी असंच वाटायचं. मग आजीच्या नथीचा एक किस्सा घडला.

हा विषय डोक्यात कसा आला?

मी मूळचा लातूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीच्या नथीची तार सैल झाली होती. तिला घेऊन एका सराफाच्या दुकानात गेलो. त्यांनी नथ उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "मोती पिवळे पडलेत आजी. हे काढून नवे चमकदार बसवून देतो. मजुरीपण घेत नाही, जुने मोती राहू द्या आमच्याकडं."

फुकट म्हटल्यावर मी लगेच तयार! पण आजी म्हणाली, "बसऱ्याचं हाय ते. माझ्या सासऱ्यानं हैदराबादवरून आणलेलं. तार तेवढी घट्ट करा, मोत्याला हात लावू नका."

घरी आल्यावर सर्च केलं, 'बसरा मोती म्हणजे काय?' त्या एका सर्चमधून मी सांबुक नावाच्या होडीपर्यंत पोहोचलो. नथीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी होड्या समजून घेऊ.

बसऱ्याचा मोती म्हणजे नेमकं काय?

बसरा हे इराकमधलं बंदर आहे. पण 'बसऱ्याचे मोती' मुख्यतः बसऱ्यात निघत नव्हते. ते निघायचे बहारीन, कतार, आजचं यूएई आणि कुवेत यांच्यासमोरच्या उथळ समुद्रात, शिंपल्यांच्या नैसर्गिक पट्ट्यांमधून. व्यापारात बसऱ्याचं नाव चिकटलं आणि आपल्याकडे तेच रुळलं.

तिथून माल यायचा मुंबईत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखाती मोत्यांची सर्वात मोठी बाजारपेठ मुंबई होती. मोती वेगळे करणं, भोक पाडणं, माळा ओवणं ही कामं इथे चालायची. बहारीन, कुवेतचे व्यापारी मुंबईत महिनोन्महिने मुक्काम ठोकायचे. मुंबईतून माल पॅरिसला जायचा आणि हैदराबादलाही.

आणि १९४८ पर्यंत आपलं लातूर, नांदेड कुठे होतं? निजामाच्या हैदराबाद संस्थानात! म्हणून मराठवाड्यातल्या जुन्या घरांत लग्नाचा दागिना हैदराबादहून आणल्याच्या गोष्टी ऐकू येतात. निजामाला मोत्यांचा किती शौक होता, हे त्याच्या 'सातलडा' या सात पदरी हारावरून कळतं. निजामाचे दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, त्यात हा हारही आहे.

थोडक्यात मार्ग असा: आखातातला समुद्र → शिडाची नाव → मुंबई → हैदराबाद → लातूरची आजी.

नावांचे प्रकार: 'ढाऊ' हा एकच शब्द पुरत नाही

इंटरनेटवर सगळ्याच अरबी नावांना 'ढाऊ' म्हटलेलं दिसेल. पण हा शब्द युरोपियन लोकांनी सरसकट वापरात आणला. 'मोबाइल' म्हटल्यावर कुठला मोबाइल ते कळत नाही, तसंच हे. तिथले खलाशी नावेला तिच्या आकारावरून ओळखायचे.

• सांबुक: पुढचं टोक (मराठीत याला नाळ म्हणतात) तिरकं आणि खाली झुकत गेलेलं, मागची बाजू सपाट कापल्यासारखी. मोती काढण्याच्या कामातली सर्वात प्रसिद्ध नाव.

• जालबूट: हिची नाळ जवळजवळ सरळ उभी. हे नाव इंग्रजी 'जॉली बोट'वरून आलं असं मानतात. बहारीन आणि कुवेतमध्ये जास्त वापर.

• बतील: लांब, सडपातळ आणि वेगवान. जुन्या काळची लाडकी नाव, नंतर सांबुक आणि जालबूटने तिची जागा घेतली.

• शुई: सांबुकच्याच घराण्यातली, पण छोटी.

• बूम: दोन्ही टोकं निमुळती. ही मुख्यतः मालवाहू. बसऱ्याचा खजूर भारतात आणि आफ्रिकेला न्यायची.

आपल्या कोकणातही मचवा, पडाव, गलबत, फत्तेमारी असे प्रकार होतेच. आणि एक मजेशीर गोष्ट सांगतो. आखातात नावेच्या कप्तानाला 'नाखुदा' म्हणतात. हा फारसी शब्द: नाव अधिक खुदा, म्हणजे नावेचा मालक. आपल्या कोळी बांधवांचा 'नाखवा' हा याच घरातला शब्द. एकच समुद्र, त्यामुळे शब्दही एकच.

नाव बांधायची कशी? ड्रॉइंगशिवाय!

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा ड्रॉइंगच्या शीटवर एक रेष चुकली तरी सर शीट परत करायचे. इथे तर ड्रॉइंगच नाही. सगळं डिझाइन मिस्त्रीच्या डोक्यात आणि हातात.

आजकाल लाकडी नाव बांधताना साधारणपणे आधी सांगाडा, म्हणजे बरगड्या उभ्या करतात आणि मग फळ्या ठोकतात. जुन्या अरबी आणि भारतीय पद्धतीत क्रम उलटा. आधी कणा ठेवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंनी फळीला फळी जोडत कवच तयार करायचं आणि बरगड्या नंतर आत बसवायच्या. नावेचा आकार ठरतो फळ्या वाकवतानाच. नजर चुकली तर नाव एका अंगावर कलते.

लाकूड कुठलं? सागवान, आणि तेही बहुतेक भारताचं. आखातात मोठी झाडं नाहीत, त्यामुळे मलबारचा साग जहाजांतून तिकडे जायचा. काथ्याही केरळ आणि लक्षद्वीपकडचा. म्हणजे आखाती नाव म्हटली तरी निम्मी सामग्री आपली.

फार जुन्या काळी या फळ्या खिळ्यांनी जोडत नव्हते, तर काथ्याच्या दोरीने चक्क शिवत होते. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, दोरी ओवायची, ताणून बांधायची आणि भोकं बुजवायची. फायदे काय?

• लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, काथ्या गंजत नाही.
• शिवलेली नाव थोडी लवचिक असते. वाळूत आपटली तरी लगेच तडकत नाही.
• दुरुस्तीला कारखाना लागत नाही. दोरी सोडा, फळी बदला, परत शिवा.

तोटा एकच: दोऱ्या ठराविक काळाने बदलाव्या लागतात. सोळाव्या शतकापासून, पोर्तुगीज आल्यानंतर, लोखंडी खिळ्यांचा वापर वाढला. विसाव्या शतकातल्या मोती काढणाऱ्या मोठ्या नावा खिळ्यांच्याच होत्या. लाकडाला माशाचं तेल आणि तळाला चुना व चरबीचा लेप मात्र तेव्हाही लावायचे, म्हणजे लाकूड खाणारे समुद्री किडे लांब राहतात.

मराठवाड्याचं कनेक्शन नंबर २: अजिंठा

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. शिवलेल्या जहाजाचं जिवंत उदाहरण आज भारतीय नौदलाकडे आहे आणि त्याचं मूळ डिझाइन मराठवाड्यातलं आहे!

अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकाच्या सुमाराचं एक जहाजाचं चित्र आहे. त्यावरून 'कौंडिण्य' हे जहाज बांधलं गेलं. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या टीमने फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. ब्लूप्रिंट नव्हतीच, फक्त भिंतीवरचं चित्र. त्यामुळे आकार ठरवायला आणि पाण्यात ते कसं वागेल हे तपासायला आयआयटी मद्रासमध्ये मॉडेल चाचण्या झाल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून ओमानच्या मस्कतकडे निघालं.

याहून जुना धागा आहे तेरचा. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात तेरचं नाव 'तगर' असं येतं. इथलं कापड गाड्यांवरून भडोच बंदरात जायचं असं त्यात नोंदवलंय. त्याच ग्रंथात आखाताकडून भडोचला मोती येतात आणि तिकडे शिवलेल्या नावा बनतात, हेही लिहिलंय. म्हणजे तेरचं कापड आणि आखातचा मोती दोन हजार वर्षांपूर्वी एकाच बंदरात होते.

शीड काम कसं करतं?

बऱ्याच जणांना वाटतं की वारा मागून ढकलतो आणि नाव पुढे जाते. तेवढंच असतं तर वारा उलटा फिरल्यावर नाव घरी आलीच नसती.

आखाती नावेचं शीड एका लांब तिरक्या वाशाला बांधलेलं असतं. ते जवळजवळ त्रिकोणी दिसतं, फक्त पुढची छोटी कड कापलेली असते. वारा बाजूने आला की हे शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. एसटीच्या खिडकीशी तळवा तिरका धरला की हात एका बाजूला ओढला जातो ना, तसंच. (खिडकीबाहेर हात काढू नका, कंडक्टर ओरडेल आणि बरोबरच ओरडेल.)

पण मग नाव आडवी का सरकत नाही? कारण खाली कणा आणि पाण्यात बुडलेला भाग आडवं सरकायला विरोध करतो. आंब्याची ओली कोय दोन बोटांत दाबली की ती पुढे सटकते. एका बाजूने वारा, दुसऱ्या बाजूने पाणी आणि मधे नाव. ती पुढेच सटकणार.

अगदी वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, पण नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकता येतं. अडचण अशी की वळताना तो जड वासा डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यावा लागतो. हे काम खूप माणसांचं. म्हणून हे खलाशी शक्यतो वाऱ्याकडे पाठ करून मोठा वळसा घेत वळायचे.

मोत्यांच्या पट्ट्यांवर पोहोचलं की शीड खाली. मग वल्ही. जवळच्या जवळ जागा बदलायची तर वल्ह्यांशिवाय पर्याय नाही. आणि काम चालू असताना हीच वल्ही बाहेर आडवी बांधून त्यांवरून पाणबुड्यांच्या दोऱ्या सोडायचे. एकाच वस्तूचे दोन उपयोग!

जीपीएस नसताना जागा कशी सापडायची?

मोत्यांचे पट्टे पाण्याखाली. वर सगळीकडे सारखंच पाणी. नाखुदा तीन गोष्टी वापरायचा: रात्री तारे, दिवसा वारा व पाण्याचा रंग, आणि शिशाचा गोळा. दोरीला बांधलेला गोळा तळाला टेकवायचा. दोरी किती गेली यावरून खोली कळते. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असते, तिला वाळू, चिखल किंवा शिंपल्याचे तुकडे चिकटून येतात. त्यावरून खाली काय आहे ते कळतं.

नावेवरची टीम आणि एका बुडीचा क्रम

छोट्या नावेवर दहा-पंधरा, तर मोठ्या नावेवर साठ-सत्तर माणसं. मुख्य हंगाम उन्हाळ्यातला, साधारण जून ते सप्टेंबर. चार महिने घर नाही.

• नाखुदा: कप्तान.
• गैस: पाणबुड्या.
• सैब: दोरी ओढणारा. पाणबुड्याचा जीव याच्या हातात.
• नह्हाम: गाणारा. शीड चढवताना, वल्ही मारताना सगळ्यांचा जोर एकाच वेळी लागावा म्हणून गाणं. आपल्याकडे मोटेवर गाणी म्हणत, त्याच जातीचं काम.
• तब्बाब: चहा-पाणी, साफसफाई करणारा पोरगा. काम बघत बघत शिकायचा.

आता एक बुडी बघू:

१. पाणबुड्या नाकाला 'फिताम' लावतो. हा हाडाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा. बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यात जाळीची पिशवी.
२. एका दोरीला जड दगड. त्यात पाय अडकवून तो सरळ तळाला जातो. श्वास वाया जात नाही.
३. तळाला पोहोचताच पाय सोडवतो. वरचा सैब दगड लगेच ओढून घेतो.
४. पाणबुड्या हाताला लागतील तेवढे शिंपले पिशवीत भरतो.
५. दुसऱ्या दोरीला झटका देतो. सैब सगळं सोडून त्याला वर ओढतो.

एक बुडी साधारण एक ते दीड मिनिटाची, खोली बहुधा दहा ते वीस मीटर. थोडा दम खायचा आणि पुन्हा. दिवसभरात अशा कितीतरी डझन बुड्या. दिवसा पोटात फक्त थोडा खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. जेवण संध्याकाळी, भात आणि मासे.

गोड्या पाण्याची तर कायम टंचाई. बहारीनजवळ समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे निघायचे. पाणबुडे चामड्याची पिशवी घेऊन खाली जायचे आणि खाऱ्या समुद्राच्या पोटातून गोडं पाणी भरून आणायचे! लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आलं होतं, ते दिवस बघितलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

शिंपले कोणी आणले, हे मुद्दाम विसरायचं

सगळ्यांचे शिंपले एकाच ढिगात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाखुदाच्या नजरेसमोर सुरीने उघडायचे. त्यामुळे मोठा मोती कोणाच्या शिंपल्यातून निघाला ते कळत नसे. बहुतेक शिंपले रिकामेच निघायचे. नशीब एकाचं, पण हिस्सा सगळ्यांचा. मला ही कल्पना आवडली. आपल्या टीममध्ये बग कोणी सोडवला यावरून किती भांडणं होतात!

हंगामाच्या शेवटी खर्च वजा करून हिस्से पडायचे. कुवेतमध्ये साधारण पाणबुड्याला तीन भाग, दोरी ओढणाऱ्याला दोन भाग अशी पद्धत होती.

मोत्याचा भाव: 'चव' नावाचं जुनं अल्गोरिदम

मोती वेगळे करायला व्यापाऱ्याकडे पितळेच्या चाळण्या असायच्या, प्रत्येकीची भोकं वेगवेगळ्या मापाची. मग वजन. आणि मुंबईच्या बाजारात वजनावरून थेट भाव नाही, आधी 'चव' काढायची:

चव = (एकूण रती × एकूण रती × ५५) ÷ (९६ × मोत्यांची संख्या)

दोन उदाहरणं करून बघा.

• एकच मोती, वजन १० रती: १०० × ५५ ÷ ९६ = सुमारे ५७.३ चव.
• दहा सारखे मोती, एकूण वजन १० रती: १०० × ५५ ÷ ९६० = सुमारे ५.७३ चव.

वजन तेवढंच, पण चव दहापट कमी! कारण मोठा मोती दुर्मिळ. वजन दुप्पट झालं की चव चौपट होते. मग चकाकी, गोलाई, रंग बघून एका चवेचा दर ठरायचा. कॅल्क्युलेटर नसताना मुनीम लोक हे तोंडी करायचे किंवा कोष्टकात बघायचे. मी हे पायथॉनमध्ये लिहिलं, एका ओळीत बसलं.

आता या गोष्टीची काळी बाजू

इथपर्यंत सगळं भारी वाटतं. पण पाणबुड्याच्या हातात शेवटी काय राहायचं?

हंगाम सुरू होण्याआधी नाखुदा पाणबुड्याला आगाऊ रक्कम द्यायचा, घरच्यांनी चार महिने खावं म्हणून. हिला 'सलफ' म्हणत. नाखुदाने ती रक्कम स्वतः व्यापाऱ्याकडून उचललेली. हंगाम संपला की हिशोब. हिस्सा उचलीपेक्षा कमी भरला तर उरलेलं कर्ज पुढच्या वर्षावर. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या नाखुद्याकडे जाता येत नाही. बाप गेला तर अनेक ठिकाणी कर्ज मुलाच्या डोक्यावर. आणि हिशोबाची वही कोणाकडे? नाखुद्याकडे. पाणबुड्याला बहुधा वाचता येत नव्हतं.

हे वाचताना मी थांबलो. कारण हे मी पाहिलेलं आहे. आमच्या शाळेत दिवाळीनंतर वर्गातली काही पोरं दिसेनाशी व्हायची. आई-बाप ऊस तोडायला गेले की पोरं पण फडावर. मुकादमाकडून 'उचल' घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' आणि हंगामाच्या शेवटी अंगावर राहिलेली बाकी पुढच्या वर्षी फेडायची. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट भागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. समुद्र आणि उसाचा फड यांत काही साम्य नाही. वही मात्र एकच आहे.

१९२० च्या दशकात बहारीनमध्ये सुधारणा झाल्या. त्यातली महत्त्वाची एक अगदी साधी होती: प्रत्येक पाणबुड्याकडे त्याच्या हिशोबाचं स्वतंत्र पुस्तक असलं पाहिजे. नवं यंत्र नाही, नवी नाव नाही, फक्त डेटाची एक कॉपी ज्याचा हिशोब त्याच्या हातात. ज्यांचं चालत होतं त्यांनी याला जोरदार विरोध केला. एका पुस्तकाने काय फरक पडतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

आज फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत. पैसे घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझा पूर्ण हिशोब, व्याज आणि दंडासकट, माझ्या हातात लेखी आहे का? नसेल तर तुम्ही त्या नावेवर चढताय.

मग हा धंदा संपला कसा?

ब्रिटिश अधिकारी लॉरिमर यांनी आखाताचं गॅझेटियर तयार केलं. त्यातल्या नोंदीनुसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखातात सुमारे ४५०० मोतीनावा आणि त्यांवर सुमारे ७४ हजार माणसं होती. तीस वर्षांत चित्र पालटलं. कारणं तीन:

• कल्चर्ड मोती: जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम अर्धगोल मोती तयार करून दाखवले. १९२० च्या दशकात गोल कल्चर्ड मोती जगाच्या बाजारात आले आणि भाव कोसळले.
• मंदी: १९२९ नंतर युरोप-अमेरिकेत दागिने घेणारेच उरले नाहीत.
• तेल: १९३२ मध्ये बहारीनमध्ये तेल सापडलं, १९३८ मध्ये कुवेतमध्ये. पाणबुड्यांना महिन्याचा पगार मिळायला लागला.

नावा किनाऱ्यावर पडून राहिल्या. काहींना इंजिनं लागली. २०१२ मध्ये बहारीनच्या मुहर्रकमधली जुनी घरं, किनारा आणि शिंपल्यांचे पट्टे यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जाता जाता: आखातातल्या अनेक देशांत १९६० च्या दशकापर्यंत भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा 'गल्फ रुपया' काढला गेला. तेव्हा तिकडचा माणूस मुंबईत कमवायला यायचा. आज नांदेडचा पोरगा दुबईला जातो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुना मोती अस्सल नैसर्गिक आहे हे घरी कळेल का?
दातावर घासून खरखरीत लागला तर तो काच किंवा प्लास्टिक नाही, एवढंच कळतं. नैसर्गिक आणि कल्चर्ड दोन्ही खरखरीतच लागतात. खात्री एक्स-रे किंवा सीटी स्कॅननेच होते, त्यात आतले थर दिसतात. फोनचा कॅमेरा किंवा फोटो ओळखणारं ॲप इथे उपयोगाचं नाही.

पिवळेपणा म्हणजे खराब?
नाही. वयाने मोत्याचा रंग बदलतो. घाम, अत्तर, साबण यांपासून जपा. मऊ ओल्या कापडाने पुसा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका.

लॉरिमरचं गॅझेटियर वाचायला मिळेल का?
हो. 'कतार डिजिटल लायब्ररी'वर स्कॅन केलेली पानं फोनवर मोफत वाचता येतात. मी बरीचशी माहिती लातूर-पुणे बसमध्ये बसून वाचली.

आणि आजीची नथ?

मुंबईला कामानिमित्त गेलो तेव्हा नथ रत्नपरीक्षण करणाऱ्या लॅबमध्ये दिली. एकूण अकरा मोती. रिपोर्ट आला: आठ नैसर्गिक, तीन कल्चर्ड. ते तीन कधीतरी दुरुस्तीच्या वेळी बदलले गेले असणार. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंजी आधी बी कुणीतरी 'फुकट' बसवून दिले की रं."

मोती बारीक आहेत. चवेच्या हिशोबाने फार मोठी रक्कम होत नाही आणि विकायचेही नाहीत. पण आता ती नथ बघितली की मला दगडाच्या दोरीत पाय अडकवून खाली जाणारा एक माणूस दिसतो, ज्याचं नाव कुठल्याच वहीत नीट लिहिलेलं नाही.

तुमच्याही घरात जुनी नथ, कुडी किंवा तन्मणी असेल तर एवढंच करा: दुरुस्तीला देण्याआधी मोती मोजा, जवळून फोटो काढा, वजनाची पावती घ्या आणि तपासल्याशिवाय बदलून घेऊ नका. आणि आजीला विचारा, हे कुठून आलं. ती माहिती कुठल्याच सर्चमध्ये मिळणार नाही.